शिकागोतली कृष्णवर्णीय मालकांची रेस्टॉरंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत राहणारी मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. "कुठे जाऊ?" याच्यापेक्षा "गेल्यावर काय मागवू आणि त्यात काय घातलेलं असतं?" हे जास्त जण विचारतात, म्हणून उत्तरांतही भर त्यावरच आहे. दुकानांच्या वेळा आणि सुट्टीचे वार बदलत असतात. लांबून निघणार असाल तर आधी फोन करा.

१. कृष्णवर्णीय मालकीचं रेस्टॉरंट म्हणजे नेमकं कोणतं धरायचं?

निदान ५१ टक्के मालकी आणि रोजचा कारभार कृष्णवर्णीय व्यक्तीकडे असेल ते. शहराची कंत्राटं मिळवण्यासाठी अल्पसंख्याकांच्या उद्योगांना जे प्रमाणपत्र दिलं जातं, त्यातही ५१ टक्क्यांचीच अट आहे. पण लहान रेस्टॉरंटवाले ते प्रमाणपत्र सहसा काढत नाहीत, कारण त्यांना सरकारी कंत्राट नकोच असतं. त्यामुळे प्रमाणपत्र नाही यावरून काहीच ठरत नाही.

मालक कोण आणि पदार्थ कुठले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कृष्णवर्णीय वस्तीतली तळलेल्या मासे-चिकनची अनेक कोपऱ्यावरची दुकानं दुसऱ्याच समाजाच्या लोकांची आहेत. हाइड पार्कमधलं व्हॅलोआ हे साउथ साइडचं लाडकं ठिकाण. बराक ओबामा तिथे नाश्ता करायचे. पण ते कृष्णवर्णीय मालकीचं नाही. उलट इथिओपियन, सेनेगली, नायजेरियन, जमैकन, बेलीझी अशी कितीतरी ठिकाणं या यादीत बसतात आणि लोक ती विसरतात.

२. मालक कोण हे खात्रीने कसं कळेल?

गूगल मॅप्सवर २०२० पासून "ब्लॅक-ओन्ड" अशी खूण असते. येल्पवरही तशी सोय आहे. मात्र ही खूण मालक स्वतः लावतो, कुणी तपासायला येत नाही. वयस्कर मालक ती लावायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि दुकान विकलं गेल्यावरही जुनी खूण तशीच राहते. म्हणून तिच्यावर थांबू नका. रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर "आमच्याबद्दल" हे पान वाचा, मग इन्स्टाग्रामवर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय टाकलंय ते बघा. शिकागोसाठी "ब्लॅक पीपल ईट्स" आणि देशभरासाठी "ईटओक्रा" या दोन याद्या उपयोगी आहेत. केवळ याच विषयाला वाहिलेल्या असल्यामुळे त्यांत बिनकामाची नावं कमी असतात.

तरीही शंका राहिली तर काउंटरवर सरळ विचारा: "हे दुकान कुणाचं? किती वर्षं चालवताय?" अशा विचारण्याचा राग येत नाही. "मालक ब्लॅक आहे ना?" असं मात्र तोंडावर विचारू नका. विकलेल्या दुकानांबद्दल आणि शाखांबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. जेवण चांगलं असलं की झालं. मालक कोण हे कशाला बघायचं?

कारण या शहरात कुणाला दुकान काढता आलं आणि कुणाला नाही, हे केवळ हाताच्या चवीवर ठरलेलं नाही. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणं जवळपास बंद झालं. १९५० आणि ६० च्या दशकांत असंख्य कुटुंबांनी "कॉन्ट्रॅक्ट"वर घरं घेतली: किंमत बाजारभावाहून कितीतरी चढी, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर नाही, आणि एखादा हप्ता चुकला तर घरही गेलं नि भरलेले पैसेही गेले. त्याविरुद्ध १९६८ मध्ये वेस्ट साइडच्या लॉनडेलमध्ये लोक संघटित झाले. अमेरिकेत लहान धंद्याचं भांडवल बहुतेकदा घर तारण ठेवून उभं राहतं. घरच नावावर नसेल तर तारण काय ठेवणार? म्हणून इथली बरीचशी जुनी दुकानं नातेवाइकांकडून जमवलेल्या पैशांवर उभी राहिली, आणि कठीण काळात त्यांना सावरायला बँक आली नाही.

१९४५ मध्ये सुरू झालेलं आर्मी अँड लूज हे त्याचं ठळक उदाहरण. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांची तिथे ठरलेली बसायची जागा होती. ७५व्या रस्त्यावरचं ते रेस्टॉरंट २०११ मध्ये कायमचं बंद झालं. अशी जागा गेली की तिथल्या आचाऱ्यांच्या हातची पाककृतीही बहुधा तिच्याबरोबर जाते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी मोडून काढणाऱ्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्याच ब्लॅक पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेने १९६९ मध्ये फ्रेड हॅम्प्टन यांच्या नेतृत्वाखाली याच शिकागोत शाळकरी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती.

४. सोल फूड म्हणजे काय? ते शिकागोत कसं आलं?

दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय घरांतलं जेवण. कोलार्ड नावाची जाड पानांची भाजी, चवळी, मक्याचा ब्रेड, तळलेलं चिकन आणि कॅटफिश, गोड रताळी, मॅकरोनी-चीज, पीच कॉबलर. साधारण १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेले. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रलची गाडी थेट शिकागोला येत असल्याने त्या राज्यातले लोक इथे जास्त आले. १९१० मध्ये शहरात कृष्णवर्णीयांचं प्रमाण २ टक्के होतं, १९७० मध्ये ते ३३ टक्क्यांवर गेलं. इथल्या सोल फूडला मिसिसिपीचं वळण आहे ते त्यामुळे.

५. आम्ही शाकाहारी आहोत. सोल फूडच्या ठिकाणी भाज्या मागवल्या तर चालेल ना?

न विचारता मागवल्या तर बहुतेक वेळा चालणार नाही. या स्वयंपाकात भाजीला चव येते ती धुरावलेल्या मांसातून. मेन्यूवर ते लिहिलेलं नसतं, आणि भाजीत तुकडे दिसले नाहीत तरी मांस पाण्यात उकळलेलं असतंच. पदार्थागणिक सांगतो:

कोलार्ड, टर्निप किंवा मस्टर्ड ग्रीन्समध्ये डुकराच्या पायाचं धुरावलेलं हाड किंवा धुरावलेली टर्की असते. फरसबी आणि कोबीत बेकन असतं. चवळी आणि राजमा यांतही बहुधा तेच. "डर्टी राइस"मध्ये चिकनची कलेजी आणि गिझर्ड (कोंबडीच्या पोटाचा भाग) बारीक करून घातलेली असते. साधा भातही कधी कधी चिकनच्या पाण्यात शिजवतात. "ड्रेसिंग" म्हणजे इथे सॅलडवरचं ड्रेसिंग नव्हे; ते मक्याच्या ब्रेडचं भाजलेलं मिश्रण असतं आणि त्यात चिकनचं पाणी घालतात. कॉर्नब्रेडमध्ये अंडं नक्की असतं, कधी डुकराची चरबीही. पीच कॉबलरमध्ये अंडं बहुधा नसतं, पण वरच्या पापुद्र्यात चरबी असू शकते. त्यातल्या त्यात निर्धास्त पदार्थ म्हणजे कँडीड यॅम्स, म्हणजे लोणी, साखर, दालचिनी घालून शिजवलेली रताळी. मॅकरोनी-चीजमध्ये मांस नसतं, पण बऱ्याच घरांच्या पद्धतीत अंडं असतं.

विचारताना "व्हेजिटेरियन आहे का?" एवढंच विचारलं तर समोरचा भाजीकडे बघून "हो" म्हणतो. "ग्रीन्स कशात शिजवल्यात, टर्की की पोर्क? की काहीच नाही?" असं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळतं. अलीकडे बरीच ठिकाणं ग्रीन्सचं मांसाशिवायचं वेगळं भांडं ठेवतात.

हे सगळं टाळायचं असेल तर ७५व्या रस्त्यावरचं ओरिजिनल सोल व्हेजिटेरियन (आताचं नाव सोल व्हेज सिटी) गाठा. आफ्रिकन हिब्रू इझ्रायलाइट या समुदायाचं हे रेस्टॉरंट कित्येक दशकं पूर्ण व्हीगन जेवण देत आलं आहे: मांस, अंडं, दूध यांपैकी काहीही नाही. ग्रीन्स आणि मॅकरोनी तर घ्याच, शिवाय बार्बेक्यू ट्विस्ट घ्या. तो गव्हातल्या ग्लूटेनपासून करतात, तेव्हा गहू चालत नसेल त्याने तो टाळावा. दुसरा भरवशाचा मार्ग इथिओपियन जेवणाचा, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

६. आम्ही चिकन-मासे खातो, पण बीफ नाही. काय जपायचं?

तीन गोष्टी. पहिली, तळणाचं तेल. शिकागोच्या हॅरॉल्ड्स चिकन शॅकमध्ये पारंपरिक पद्धतीनुसार वनस्पती तेलात बीफची चरबी मिसळून तळतात. तिथल्या चिकनची कुरकुरीत साल आणि खोलवर मुरलेली चव त्यातूनच येते. फ्राइजसाठीही तेच तेल असतं, त्यामुळे नुसते फ्राइज घेऊनही सुटका नाही. शाखांचे मालक वेगवेगळे असल्याने पद्धतही थोडीफार बदलते, ज्या शाखेत जाल तिथे "तळायला काय वापरता?" हे विचारा. आमच्या मते बीफ न खाणाऱ्या घराने ही चौकशी केल्याशिवाय तिथे ऑर्डर देऊच नये.

दुसरी, ऑक्सटेल. जमैकन आणि सोल फूड अशा दोन्ही ठिकाणी मिळणारा हा रस्सा गाय-बैलाच्या शेपटीचा असतो. मटणासारखा दिसतो म्हणून लोक फसतात, आणि कधी कधी त्याचाच रस भातावर घालून देतात. "ग्रेव्ही नको" असं आधीच सांगा. तिसरी, हॉट लिंक नावाचं सॉसेज. ते बहुधा डुकराचं असतं, काही ठिकाणी त्यात बीफ मिसळतात. जमैकन पॅटीही न सांगता घेतली तर बीफचीच हातात पडते.

७. हॅरॉल्ड्समध्ये ऑर्डर कशी द्यायची? लोक भराभर काय बोलतात ते कळत नाही.

हॅरॉल्ड पियर्स यांनी १९५० मध्ये हे सुरू केलं. आता शहरभर शाखा आहेत आणि लोक त्या नंबराने ओळखतात. ऑर्डरचे चार भाग असतात आणि ते याच क्रमाने सांगायचे.

आधी किती आणि कोणतं: क्वार्टर किंवा हाफ, डार्क म्हणजे तंगडी-मांडी, व्हाइट म्हणजे छातीचा भाग. किंवा सरळ सहा विंग्ज. मग तळणी: "फ्राइड हार्ड" म्हटलं की काही मिनिटं जास्त तळून साल कडक करतात. मग वरून काय भुरभुरायचं: मीठ-मिरी किंवा लेमन पेपर. शेवटी सॉस. "माइल्ड सॉस" टोमॅटोच्या चवीचा, गोडसर आणि किंचित आंबट असतो. तिखट अजिबात नाही. "हॉट सॉस" व्हिनेगरचा, पातळ. मराठी जिभेला दोन्ही मिळून बरे लागतात.

चिकन फ्राइज आणि पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसवर ठेवून त्यावर सॉस ओततात. तो ब्रेड फेकू नका, सॉस आणि चिकनचा रस पिऊन तोच सगळ्यात चविष्ट होतो. गाडीतून वीस मिनिटांवर न्यायचं असेल तर मात्र "सॉस ऑन द साइड" सांगा, नाहीतर घरी पोचेपर्यंत साल लिबलिबीत होते. चिकन ऑर्डर दिल्यावर तळतात, हाडासकटचे तुकडे तळायला १२ ते १५ मिनिटं लागतात, म्हणून आधी फोन करून ठेवणं बरं. वेस्ट साइडला अंकल रीमस आहे. तिथे सॉस चिकनला सगळीकडून माखलेला असतो. पसंती ज्याची त्याची, पण कुरकुरीतपणा हवा असेल तर अंकल रीमस तुमच्यासाठी नाही.

८. रिब टिप्स म्हणजे काय? काचेच्या पेटीत मांस का भाजतात?

डुकराच्या बरगड्या चौकोनी कापून घेतल्यावर खालच्या बाजूला कूर्चा (मऊ हाड) आणि चरबी असलेली पट्टी उरते. ती स्वस्त म्हणून साउथ साइडच्या बार्बेक्यूवाल्यांनी घेतली आणि तिलाच आपली खासियत केली. लेम्स बार-बी-क्यू हे त्यातलं मानाचं ठिकाण.

काचेची पेटी म्हणजे ॲक्वेरियम स्मोकर. खाली स्टीलच्या भट्टीत लाकडाचा जाळ, मध्ये जाळी, आणि वर माशांच्या टाकीसारख्या चारही बाजूंनी न तडकणाऱ्या काचा. लहान दुकानाच्या आतच भाजता यावं, धूर चिमणीतून वर जावा आणि मांस सतत डोळ्यांसमोर राहावं, हा हेतू. या पेटीला तापमानाचं बटण नसतं. चरबी सरळ निखाऱ्यावर गळते आणि भडका उडतो, तेव्हा भाजणारा पाण्याचा फवारा मारून जाळ बसवतो आणि तुकडे थंड कोपऱ्यात सरकवतो. सगळं त्याच्या नजरेवर असतं. त्यामुळे एकाच दुकानात मंगळवारच्या आणि शनिवारच्या टिप्समध्ये फरक लागतो. तो दोष समजू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्याने "टिप-लिंक कॉम्बो" घ्यावं, सॉस वेगळा. टिप्समध्ये कूर्चा असते, ती दातांनी सोलत खायची. मऊ तुकड्यांची अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल.

९. इथिओपियन शाकाहारी थाळी उपवासाला चालते का? त्यात तूप असतं का?

आपल्या उपवासाला नाही चालणार, कारण त्यात मसूर, वाटाणा, कांदा, लसूण सगळं असतं. पण रोजच्या शाकाहारी जेवणासाठी शहरात यासारखं दुसरं काही नाही. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या लांबलचक उपवासात मांस, अंडं, दूध वर्ज्य असतं. शेकडो वर्षांच्या त्या सवयीतून हे पदार्थ घडले आहेत.

व्हेजी कॉम्बो मागवा. त्यात मिसिर वोट म्हणजे बेरबेरे मसाल्यातली लाल मसूर, किक अलिचा म्हणजे हळदीतला पिवळा वाटाणा, गोमेन म्हणजे कोलार्डची भाजी, आणि कोबी-बटाटा-गाजर येतं. शिरो जरूर घ्या. भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं ते पिठलंच आहे, फक्त मसाला वेगळा.

अडचण एकच. "नितर किब्बे" नावाचं मसाल्याचं तूप काही ठिकाणी शाकाहारी पदार्थांतही घालतात. तूप चालत असेल तर प्रश्नच नाही; व्हीगन असाल तर "फास्टिंग स्टाइल, नो बटर" म्हणा, लगेच समजतं. दोरो वोटमध्ये चिकनबरोबर उकडलेलं अंडं असतं, आणि कित्फो म्हणजे कच्चं बीफ. इंजेरा, म्हणजे या जेवणातली आंबवलेल्या पिठाची भाकरी, टेफ या धान्याची, पण अमेरिकेत तिच्यात अनेकदा गहू किंवा बार्ली मिसळतात. शुद्ध टेफची हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

उत्तरेकडे अपटाउनमध्ये लॉरेन्स स्टेशनजवळ डेमेरा आहे, आणि एजवॉटरमध्ये इथिओपियन डायमंड.

१०. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कुठे जपायला हवं?

पश्चिम आफ्रिकी ठिकाणी. माफे हा रस्साच शेंगदाण्याचा असतो आणि सुया या भाजलेल्या मांसाच्या मसाल्यात दाण्याचं कूट असतं. ब्राँझव्हिलमधल्या यासा या सेनेगली रेस्टॉरंटचं नाव ज्या पदार्थावरून आलं, तो यासा मात्र कांदा, लिंबू आणि मोहरीचा असतो. तरी स्वयंपाकघर एकच, तेव्हा तीव्र ॲलर्जी असेल तर धोका पत्करू नका. शाकाहाऱ्यांसाठीही इथे एक सूचना: एगुसी (बियांच्या कुटाचा रस्सा), जोलोफ (टोमॅटोतला भात) यांत मांस दिसलं नाही तरी सुकी कोळंबी किंवा चिकनच्या वड्या घातलेल्या असतात.

११. जमैकन "करी गोट" आणि रोटीचा भारताशी संबंध आहे का?

आहे. १८४५ पासून जमैका आणि त्रिनिदादला करारबद्ध मजूर भारतातून गेले, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भागातून, आणि त्यांच्याबरोबर मसाला व रोटी गेली. महाराष्ट्राशी थेट नातं नाही. किनारपट्टीच्या माणसाला जास्त ओळखीचं वाटेल ते ६३व्या रस्त्यावरच्या गारिफुना फ्लेवाचं बेलीझी जेवण: नारळाच्या दुधातला भात आणि हुदूत, म्हणजे नारळाच्या रसातला मासा आणि कुटलेली केळी.

१२. साउथ साइडला जाणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. साउथ साइड म्हणजे शहराचं निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ. त्या सगळ्याला एकच उत्तर देता येत नाही. हाइड पार्क विद्यापीठाचा भाग आहे. चॅटम हा कित्येक दशकं शिक्षक, टपाल कर्मचारी, छोटे व्यावसायिक अशा मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय कुटुंबांचा भाग. काही भागांत गुन्हे जास्त आहेत, हेही खरं. दुपारी जा, मुख्य रस्त्यावर गाडी लावा, सीटवर बॅग किंवा लॅपटॉप दिसेल असा ठेवू नका. ही काळजी डाउनटाउनमध्येही घ्यावीच लागते. गावाच्या बातम्या ऐकून जे घाबरतात, त्यांनी पहिल्यांदा हाइड पार्कमधल्या व्हर्च्यूला जावं. तिथले शेफ एरिक विलियम्स यांना २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. टेबल आधी राखून ठेवा.

पत्ता समजून घेतलात तर निम्मा गोंधळ मिटतो. स्टेट आणि मॅडिसन रस्ते जिथे मिळतात तिथे शून्य. दर मैलाला ८०० आकडे वाढतात. "३११ ईस्ट ७५" म्हणजे ७५व्या रस्त्यावर, स्टेटच्या पूर्वेला साधारण ६०० मीटर.

१३. एका दुपारीच जमेल असा बेत सांगाल?

७५वा रस्ता. डाउनटाउनपासून साधारण साडेतेरा किलोमीटर. रेड लाइनने ७९व्या स्टेशनला उतरलात तर सव्वा किलोमीटर चालणं होतं. ओरिजिनल सोल व्हेजिटेरियन, लेम्स आणि ब्राउन शुगर बेकरी ही तिन्ही अडीचशे मीटरच्या टप्प्यात आहेत. शाकाहारी आणि मांसाहारी मंडळी एकाच गाडीतून येऊन दोघांचीही सोय व्हावी अशी जागा शहरात दुसरी नाही.

आधी लेम्सच्या खिडकीवर ऑर्डर द्या. तिथे बसायची सोय नाही, पार्सल घ्यायचं. मग शाकाहाऱ्यांचं घ्या. शेवटी बेकरीत जाऊन कॅरमल केकचा तुकडा. त्या केकवरचं कॅरमल आचेवर साखर मुरवून केलेलं असतं, थंड झालं की वरून किंचित रवाळ लागतं. फ्रिजमध्ये ठेवलात तर केक घट्ट होतो, बाहेरच ठेवून त्याच दिवशी संपवा. केकमध्ये अंडं असतं. रविवारी चर्च सुटल्यावर एक ते तीन गर्दी असते, आणि सोमवारी अनेक ठिकाणं बंद असतात.

१४. काउंटरला जाड काच आणि फिरती खिडकी असते. टिप द्यायची का? ॲपवरून मागवलं तर?

ती काच जुन्या काळापासून रोख पैसे सांभाळण्यासाठी आहे. ऑर्डर मोठ्याने आणि थोडक्यात सांगा, पैसे खिडकीत ठेवून ती फिरवा. थोडी रोकड जवळ असू द्या. बसून जेवलात तर १८ ते २० टक्के टिप. पार्सलला सक्ती नाही, पण एक-दोन डॉलर द्यावेत. जेवणावरचा कर ११ टक्क्यांच्या आसपास असतो.

ॲप टाळा. डिलिव्हरी कंपन्या साधारण १५ ते ३० टक्के कापून घेतात. मालकाला पैसे मिळावेत म्हणून हा सगळा खटाटोप करायचा आणि त्यातला मोठा वाटा भलत्याच कंपनीला द्यायचा, याला अर्थ नाही. फोन करा आणि स्वतः आणा.

१५. मंडळाच्या कार्यक्रमाला ५० माणसांचं जेवण मागवायचं आहे. किती सांगू?

भाजीचा एक हाफ पॅन १० ते १२ जणांना पुरतो, फुल पॅन २० ते २५ जणांना. ५० माणसांना दोन मुख्य पदार्थ आणि तीन भाज्या ठेवणार असाल तर प्रत्येकाचे दोन फुल पॅन धरा. मराठी पंगतीत भाज्या आधी संपतात, म्हणून कमी करायचंच असेल तर मांसात करा. निदान आठवडाभर आधी सांगा. बहुतेक ठिकाणी निम्मी रक्कम आगाऊ मागतात. शाकाहारी पॅन कशात शिजवणार ते लेखी घ्या (प्रश्न ५), आणि झाकणांवर नावं लिहायला सांगा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते तळलेलं चिकन. गरम असताना फॉइल घट्ट लावली की वाफेने साल सुटते. कडेला दोन-तीन भोकं पाडायला सांगा. अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर गरम राहील अशी सोय नसेल तर दोन तासांत संपवा, उन्हाळ्यात बाहेर असाल तर एका तासात. इंजेरा एकावर एक रचून कापडात गुंडाळा, उघडी राहिली तर कडा वाळतात.

१६. जुनं दुकान नव्या मालकाने घेतलं किंवा अनेक शाखा असल्या तर कसं धरायचं?

फ्रँचायझी असेल तर प्रत्येक शाखेचा मालक निराळा असू शकतो, म्हणून शाखागणिक चौकशी करावी लागते. मूळ कंपनी कृष्णवर्णीय कुटुंबाची असेल तर शाखेचा मालक कुणीही असो, शुल्काचा काही भाग त्या कुटुंबाकडे जातो. पाटी तीच, मालक वेगळा, असं झालं असेल तर ते ठिकाण आम्ही या यादीत धरत नाही, मग जेवण कितीही चांगलं असो. शेफ कृष्णवर्णीय पण पैसा गुंतवणूकदार कंपनीचा, हा प्रकार डाउनटाउनमध्ये दिसतो. तिथे जायला हरकत काहीच नाही, पण मालकीचा प्रश्न वेगळा ठेवावा.

१७. फेब्रुवारीत शिकागो ब्लॅक रेस्टॉरंट वीक असतो. तेव्हाच जावं का?

नवी ठिकाणं कळायला तो काळ चांगला. पण लहान स्वयंपाकघरांवर त्या दिवसांत ताण येतो, वाट बघावी लागते. पहिली भेट तेव्हा द्या, दुसरी मार्चमध्ये एखाद्या मंगळवारी, जेव्हा टेबलं रिकामी असतात.

१८. ऑर्डर चुकली, तासभर थांबावं लागलं. रिव्ह्यू लिहावा का?

आधी फोन करा, शक्यतो दुपारी तीन-साडेतीनला, जेव्हा मालक गल्ल्यावर सापडतो. काय मागवलं, काय मिळालं, किती वाजता, हे नेमकं सांगा. बहुतेक वेळा बदलून देतात. तरीही लिहायचं ठरवलंत तर चव, उशीर आणि वागणूक यांबद्दल वेगवेगळं लिहा. "एरिया चांगला नाही" हे रेस्टॉरंटच्या रिव्ह्यूत लिहू नका. त्याचा मालकाच्या स्वयंपाकाशी संबंध नाही, आणि ज्याचं एकच दुकान आहे त्याला एक तारा फार महागात पडतो. मेन्यूवर न लिहिलेलं मांस भाजीत निघालं तर मात्र जरूर लिहा, पदार्थाच्या नावासकट. पुढच्या शाकाहाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.